नळ्यांच्या जाळ्यातले सहा सिलिंडर

1985च्या आसपासच्या फोर्ड पिकअपचं बॉनेट उघडलं की इंजिन आधी दिसतच नाही, दिसतात त्या नळ्या. करंगळीहून बारीक, काळ्या रबराच्या, कुठून निघाल्या आणि कुठे गेल्या याचा पत्ता न लागणाऱ्या. काही प्लास्टिकच्या छोट्या डब्यांना जोडलेल्या, काही वाळून तडकलेल्या, तर काहींच्या तोंडात कुणीतरी स्क्रू पिळून बुच मारलेलं. या जाळ्याखाली, तेलकट मातीच्या थराआड, ओतीव लोखंडाचा एक लांबट ठोकळा असतो. तो म्हणजे फोर्डचं 300 घनइंची इंजिन. एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं, अमेरिकेतल्या शेतकऱ्याने, सुताराने आणि सामान पोचवणाऱ्या कंपन्यांनी वर्षानुवर्षं राबवलेलं.

असा ट्रक स्वस्तात हाती आला की नवा मालक पहिल्याच रविवारी कात्री घेऊन उभा राहतो. हे सगळं लटांबर काढून टाकू, इंजिन मोकळं करू, असा त्याचा बेत असतो. त्याचं फारसं चुकत नाही, कारण यातलं बरंच काही खरोखर निरुपयोगी झालेलं असतं. पण कोणतं, हे कात्रीला कळत नाही. म्हणून या प्रकरणात आपण त्याच्या शेजारी उभं राहायचं आणि प्रत्येक नळीपाशी एकच प्रश्न विचारायचा: ही काढली, तर हिचं काम कोण करणार?

ठोकळ्याची कुळकथा

हे इंजिन 1965च्या मॉडेलांपासून आलं आणि 1996पर्यंत बनत राहिलं. सिलिंडरचा व्यास चार इंच, पिस्टनची धाव 3.98 इंच. म्हणजे व्यास आणि धाव जवळजवळ सारखीच. सहा सिलिंडरांचा हिशेब 300 घनइंच होतो. पुढे लिटरची भाषा आल्यावर फोर्डने त्याला 4.9 लिटर म्हटलं.

मेकॅनिक या इंजिनावर जीव टाकतात त्याची कारणं आत आहेत. क्रँकशाफ्टला सात मुख्य बेअरिंग आहेत, म्हणजे प्रत्येक सिलिंडरच्या दोन्ही अंगांना आधार. क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये साखळी नाही, थेट दात्याला दाता भिडणारे गिअर आहेत. साखळी सैल होण्याचा प्रश्नच मिटला. एकच दुखरी जागा म्हणजे अनेक इंजिनांत कॅमवरचा गिअर आवाज कमी व्हावा म्हणून फायबरचा बसवलेला असे, आणि म्हातारपणी त्याचे दाते झडू शकतात. इंजिन उघडलंच असेल, तर तिथे धातूचा गिअर बसवणं शहाणपणाचं.

सहा सिलिंडर एका रांगेत ठेवण्यात एक अंगभूत सुख आहे. पहिला आणि सहावा पिस्टन बरोबरीने वर-खाली होतात, दुसरा-पाचवा बरोबरीने, तिसरा-चौथा बरोबरीने, आणि या तीन जोड्यांमध्ये 120 अंशांचं अंतर असतं. एका जोडीच्या हिसक्याला बाकीच्या दोन जोड्या उतारा देतात. म्हणून वेगळा तोलदांडा न लावताही इंजिन शांत चालतं. 1-5-3-6-2-4 या क्रमाने ठिणगी पडते आणि क्रँकच्या दर 120 अंशांना एक धक्का मिळतो. याला फार फिरवावं लागत नाही. खरी ओढ मिनिटाला दोनेक हजार फेऱ्यांच्या आसपासच मिळते. ओझं ओढणाऱ्याला आणखी काय हवं? म्हणून तर हे इंजिन पिकअपपुरतं उरलं नाही. घरोघरी पार्सल पोचवणाऱ्या व्हॅन, शेतातले पंप, जनरेटर, विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर अशा सगळ्यांना ते चाललं.

आपल्याकडच्या रस्त्यांनाही रांगेतले सहा सिलिंडर परके नाहीत. टेल्कोने 1954मध्ये डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला सुरुवात केली. पुढच्या टाटा ट्रकांवरचं 697 हे इंजिन ज्याने बांधलं, त्याला नावाची फोड सांगावी लागत नाही: सहा सिलिंडर, 97 मिलिमीटर व्यास. पण ते डिझेल. तिथे कार्बोरेटर नाही, प्लग नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही. त्यामुळे टाटाचं बॉनेट उघडणाऱ्या मिस्त्रीला काळं तेल दिसलं असेल, पण हे रबराचं रान त्याच्या वाट्याला आलं नाही. ते पेट्रोलवरच्या अमेरिकी ट्रकांत माजलं, आणि त्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या हवेत आहे.

रान माजलं कसं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारं तपकिरी धुकं उतरायला लागलं. 1950च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलटेकमधले डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागन-स्मिट यांनी दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या न जळलेल्या इंधनाच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की हे धुकं तयार होतं. तिथून एकेक उपाय इंजिनाला चिकटत गेला. 1961च्या मॉडेलांपासून कॅलिफोर्नियात क्रँककेसमधल्या वाफा हवेत न सोडता पुन्हा इंजिनाला पाजणारी झडप आली. तिला पीसीव्ही झडप म्हणतात. 1970च्या कायद्याने देशभर दोर आवळला. टाकीतल्या वाफा धरून ठेवणारा कोळशाचा डबा आला, धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप आली, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा ढकलणारा पंप आला.

कंपन्याही कायद्याच्या फटी शोधत होत्या. 1975मध्ये फोर्डने एफ-150 हा ट्रक काढला तोच मुळी भारासह एकूण वजन 6000 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 2700 किलोंच्या, थोडं वर ठेवून. त्या रेषेच्या वर गेलं की हलक्या गाड्यांचे काही कडक नियम लागू होत नसत. अमेरिकेतल्या सगळ्यात खपाच्या ट्रकमालिकेतलं हे सर्वांत गाजलेलं नाव असं एका वजनरेषेच्या पलीकडे जन्माला आलं.

आता या सगळ्या उपकरणांना कधी चालायचं आणि कधी थांबायचं हे कुणी सांगायचं? स्वस्त संगणक तेव्हा नव्हता. अभियंत्यांनी डोकं लढवून इंजिनाच्या स्वतःच्या श्वासालाच कामाला लावलं. थ्रॉटलची पाकळी जवळजवळ मिटलेली असते तेव्हा पिस्टन हवा ओढतात, पण हवेला वाट मिळत नाही. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीजवळ ठणठणीत इंजिन जागेवर चालताना तो पाऱ्याचे 17 ते 21 इंच भरतो. पाय दाबला, पाकळी उघडली की तो घसरतो. म्हणजे इंजिनावर किती भार आहे, ही बातमी व्हॅक्यूममध्ये फुकट मिळते. ती बातमी नळीने न्यायची, वाटेत गरम पाण्यावर उघडणारी-मिटणारी झडप बसवायची आणि शेवटी रबरी पडद्याच्या डबीला पोचवायची. इंजिन गार असेल तर ईजीआर बंद, तापलं आणि भार आला की चालू. ते जाळं म्हणजे रबराचा संगणकच होता.

गंमत पुढेच आहे. 1980च्या दशकाच्या मध्यावर खरा संगणक आला, पण रबराचा निवृत्त झाला नाही. कार्बोरेटर तोच राहिला, फक्त त्याच्या मिश्रणावर विजेच्या सोलेनॉइडचा ताबा आला. जुन्या नळ्या, नवे सेन्सर, दोघेही एकाच खोलीत नांदू लागले. 1987मध्ये फ्युएल इंजेक्शन येईपर्यंतची ही काही वर्षं म्हणजे गुंत्याचा कळस, आणि कात्री सगळ्यात जास्त वेळा निघते ती याच ट्रकांवर.

आधी धुवा, मग शोधा

सफाई आधी करायची ती इंजिन दिसायला छान व्हावं म्हणून नव्हे. मळक्या इंजिनावर निदान होत नाही म्हणून. तेलाचा स्वभावच असा की ते खाली उतरतं आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी, थेंब दिसले की सगळे क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला दोषी ठरवतात. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि गुन्हेगार बऱ्याचदा वर बसलेला असतो: टॅपेट कव्हरचं गॅस्केट, किंवा पुशरॉडवरचं बाजूचं पत्र्याचं झाकण. तिथून झिरपलेलं तेल ब्लॉकच्या अंगाने मागे येतं. चोर सोडून संन्याशाला फाशी!

धुण्याआधी फोटो काढा, भरपूर. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून आकडा घाला. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर कंपनीने चिकटवलेलं एक पत्रक असतं. त्यावर त्याच गाडीच्या व्हॅक्यूम नळ्यांचा नकाशा छापलेला असतो. ते आधी हलक्या हाताने पुसा आणि त्याचा फोटो घ्या. ग्रीस काढणाऱ्या रसायनाने आधी शाईच जाते.

इंजिन पूर्ण गार हवं. तापलेल्या ओतीव लोखंडाच्या मॅनिफोल्डवर थंड पाणी पडलं तर तडा जाऊ शकतो. कार्बोरेटरचं तोंड, डिस्ट्रिब्युटर, आल्टरनेटर आणि विजेच्या जोडण्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधा. बोटभर थर आधी पत्र्याच्या पट्टीने खरवडा. मग ग्रीस विरघळवणारं द्रावण, ब्रश, आणि वाट पाहणं. पाणी शेवटी आणि कमी दाबाचं. जोराचा फवारा घाण जितकी काढतो तितकीच सीलच्या आतही ढकलतो. खाली साठलेलं तेलकट पाणी गटारात सोडू नका. सुकल्यावर संशयित सांध्यांवर पांढरी पावडर भुरभुरा आणि गाडी थोडी फिरवून आणा. ओली रेघ जिथून सुरू होते तिथे गळती.

सफाईचा दुसरा अर्धा भाग आतल्या पाण्याचा. जुन्या ब्लॉकच्या तळाशी गंजाचा चिखल साचलेला असतो. रेडिएटरचा नळ उघडून तो निघत नाही, ब्लॉकचा वेगळा ड्रेन प्लग उघडावा लागतो. आणि थर्मोस्टॅट काढून फेकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की तो काढायची जुनी खोड आहे. पण थर्मोस्टॅटविना इंजिन नीट तापतच नाही. मग तेलात ओलावा राहतो, पेट्रोल जास्त जळतं आणि सिलिंडर झिजतात. सोपं करण्याच्या नादात केलेली ही सगळ्यात जुनी चूक.

नळीगणिक पंचनामा

आता हातात हातपंप आणि व्हॅक्यूम गेज घ्या. इथे तीन ढीग करायचे: जिवंत, मेलेलं आणि उपरं. उपरं म्हणजे कंपनीने न दिलेलं, मधल्या मालकांनी घातलेलं. बहुतेक जुन्या ट्रकांत हा ढीग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो. कुठेच न जाणारी वायर, दोन नळ्या जोडून केलेली तिसरी, बंद पडलेल्या उपकरणाला वळसा घालणारा जोड: एक ना धड, भाराभर चिंध्या. हा ढीग आधी काढला की निम्मं रान मोकळं होतं आणि कायदाही मोडत नाही.

मग पडद्याच्या डब्या. हातपंपाने व्हॅक्यूम द्या. काटा टिकला तर पडदा शाबूत, घसरला तर फाटला. फाटका पडदा म्हणजे इंजिनाला चुकीच्या जागी पडलेलं भोक. त्यातून फाजील हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जागेवर चालताना अडखळतं. वाळलेल्या नळीचंही तेच. नळी काढायची म्हणजे उघडी सोडायची नाही. मॅनिफोल्डवरच्या त्या तोंडावर घट्ट टोपण हवंच. लोक नळ्या काढतात, टोपण विसरतात आणि मग कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतात.

पीसीव्ही झडप मात्र काढायची नाही. पिस्टनच्या रिंगांतून थोडा वायू खाली झिरपतोच. त्यात पाण्याची वाफ आणि आम्ल असतं. ही झडप त्याला सतत ओढून घेते. ती काढली की तेलाचा चिखल होतो आणि दाबाने सगळी गॅस्केटं गळायला लागतात. किंमत किरकोळ, बदलायला दोन मिनिटं. प्रदूषणविरोधी म्हणून आलेलं हे उपकरण इंजिनाचंच आयुष्य वाढवतं.

कोळशाचा डबाही इंजिनाकडून काही ओरबाडत नाही. उभ्या गाडीच्या टाकीतली पेट्रोलची वाफ तो धरून ठेवतो आणि गाडी चालू झाल्यावर जाळायला देतो. तो काढून काय मिळतं? गॅरेजभर पेट्रोलचा वास.

ईजीआरची बदनामी सगळ्यात जास्त. धूर इंजिनाला परत पाजायचा ही कल्पनाच विचित्र वाटते. पण धूर पुन्हा जळत नाही, आणि तोच त्याचा उपयोग. तो उष्णता शोषतो, ज्वालेचं कमाल तापमान उतरवतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं कमी बनतात. झडप काजळीने उघडी अडकली तर इंजिन जागेवर थरथरतं. बंद अडकली तर चढावर नॉकिंग ऐकू येतं, कारण ठिणगीची वेळ धूर मिसळणार हे गृहीत धरून ठरवलेली असते. दोन्ही रोगांवर बहुतेक वेळा काजळी खरवडणं पुरतं.

हवेचा पंप बेल्टवर फिरतो आणि एक्झॉस्टच्या वाटेत ताजी हवा ढकलतो, म्हणजे उरलेलं इंधन तिथे जळतं. त्याचं बेअरिंग धरलं की बेल्ट किंचाळतो आणि जळतो. काढायचाच झाला तर आधी पाहावं की तोच बेल्ट पाण्याचा पंप किंवा आल्टरनेटर फिरवत नाही ना. आणि हवेच्या वाटांची भोकं नीट बुजवावी लागतात, नाहीतर गरम धूर तिथूनच फुत्कारतो.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडच्या एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटरच्या बरोबर खाली एकमेकांना चिकटून. हौशी लोक तिथे पाइपांचं देखणं एक्झॉस्ट बसवतात आणि खालची ऊब जाते. एका कार्बोरेटरमधून दोन्ही टोकांच्या सिलिंडरांपर्यंत जाणारं पेट्रोल थंड भिंतींवर ओघळतं. हिवाळ्यात ट्रक तापेपर्यंत आचके देतो. ती ऊब चूक नव्हती, योजना होती. एक्झॉस्ट बदललं तर इनटेकला गरम पाण्याने ऊब देण्याची सोय करावी लागते.

डोकं उतरवण्याआधी

खरी फसगत संगणकापाशी होते. त्याच्याशी जोडलेला कार्बोरेटर काढायचा, जुन्या धाटणीचा साधा एकतोंडी कार्टर लावायचा, वायरी छाटायच्या, झालं मोकळं! ट्रक सुरूही होतो. पण रस्त्यावर ओढच नसते आणि एक्झॉस्ट लालबुंद होतो.

कारण डिस्ट्रिब्युटरमध्ये आहे. पेट्रोल पेटायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याआधी पाडावी लागते; आणि इंजिन जितकं जलद फिरतं तितकी आधी. जागेवर दहाएक अंश पुरतात, वेगात तीसेक लागतात. जुन्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे काम वेगाने बाहेर फेकली जाणारी वजनं आणि व्हॅक्यूमची डबी करत असे. संगणक आला तेव्हा ही दोन्ही काढून टाकली, कारण हिशेब तो करणार होता. आता संगणक गेला तर ठिणगी एकाच जागी थिजते, तीही उशिराच्या. म्हणून हे बदल जोडीनेच करावे लागतात: साध्या कार्बोरेटरबरोबर वजनं आणि व्हॅक्यूमवाला जुना ड्युरास्पार्क डिस्ट्रिब्युटर आणि त्याचं मॉड्यूल. एक बदलून दुसरं ठेवलं, की दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

कायद्याची रेषा

अमेरिकेत प्रदूषण रोखणारी मूळ उपकरणं काढणं किंवा निकामी करणं संघीय कायद्याने मना आहे, गाडी कितीही जुनी असो. कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना ठरावीक काळाने होणाऱ्या धूरतपासणीतून सूट आहे. पण तपासणी होत नाही म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. आपल्याकडेही 1988च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना आडकाठी करतं. सुदैवाने इंजिनाला मोकळा श्वास देणारी बहुतेक कामं रेषेच्या अलीकडचीच आहेत: सगळ्या रबरी नळ्या नव्या घालणं, फाटके पडदे बदलणं, काजळी खरवडणं, उपऱ्यांना बाहेरची वाट दाखवणं. एवढं केल्यावर अनेकांच्या लक्षात येतं की वैर नळ्यांशी नव्हतंच, चाळीस वर्षं वाळलेल्या रबराशी होतं.

काम संपल्यावर व्हॅक्यूम गेज पुन्हा लावा. काटा 17 ते 21च्या दरम्यान न थरथरता उभा राहिला तर श्वास नीट चालू आहे. खाली स्थिर असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा ठिणगी उशिरा पडते आहे. ठरावीक ठेक्याने झटके देत असेल तर एखाद्या वाल्वची तक्रार आहे.

मग एक कोरा कागद घ्या. पीसीव्ही, डिस्ट्रिब्युटरची डबी, ब्रेकचा बूस्टर, कोळशाचा डबा, ईजीआर. जे जे आता खरोखर जोडलेलं आहे, ते पेन्सिलने काढा. काय काढलं, का काढलं, तोंड कुठे बुजवलं, हेही लिहा. काढलेले भाग चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. कागदाला प्लास्टिकचं आवरण घालून तो बॉनेटच्या आत, कंपनीच्या त्या जुन्या पत्रकाशेजारी चिकटवा. तुमच्यानंतर कधीतरी, एखाद्या रविवारी, कुणीतरी हे बॉनेट उघडणार आहे. त्याच्याही हातात कात्री असेल.